प्लगइनचा प्रीसेट जतन होत नाही तेव्हा...

गायकाच्या आवाजाला साजेशी इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्बची जुळणी तासभर खपून करावी, ती ‘प्रीसेट’ म्हणून जतन करावी आणि दुसऱ्या दिवशी यादीत तिचे नावच दिसू नये, हा अनुभव घरच्या स्टुडिओत काम करणाऱ्या अनेकांना येतो. काम ठरल्या वेळी द्यायचे असले की घाईने प्लगइन काढून पुन्हा टाकले जाते. तसे करताना कधी कधी उरलेले प्रीसेटही पुसले जातात. वास्तविक बहुतेक प्रसंगी प्रीसेट एक तर भलत्या ठिकाणी गेलेला असतो, किंवा तो लिहिण्याची परवानगीच संगणकाने दिलेली नसते.

तीन वेगळ्या जागा

प्रीसेट म्हणजे प्लगइनमधील सर्व बटणांच्या स्थितीची नोंद. ही नोंद तीन ठिकाणी होऊ शकते. गाण्याच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये ती आपोआप होते. दुसरी जागा क्युबेस, रीपर, एबलटन लाइव्ह यांसारख्या मूळ सॉफ्टवेअरची. प्लगइनच्या खिडकीभोवती त्याची जी पट्टी असते, तिच्यातून ही नोंद होते. तिसरी जागा प्लगइनच्या स्वतःच्या मेनूची. एका मेनूतून जतन केलेला प्रीसेट दुसऱ्या मेनूत दिसेलच असे नाही. म्हणून आपण कोणत्या मेनूतून जतन केले, हे प्रथम आठवावे. अर्ध्या तक्रारी येथेच मिटतात.

प्लगइनचा प्रकारही पाहावा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही पद्धत आणली आणि २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती दिली. जुन्या व्हीएसटी-२ प्लगइनचे प्रीसेट ‘एफएक्सपी’ फाइलमध्ये, त्यांचे संच ‘एफएक्सबी’मध्ये, तर व्हीएसटी-३ चे प्रीसेट ‘व्हीएसटीप्रीसेट’ या प्रकारात राहतात. अॅपलच्या ऑडिओ युनिटचा प्रकार ‘एयूप्रीसेट’. त्यामुळे एकाच प्लगइनची नवी आवृत्ती उघडल्यावर जुनी यादी रिकामी दिसणे स्वाभाविक आहे.

फाइल कोठे शोधावी

विंडोजमध्ये व्हीएसटी-३ प्रीसेटची ठरलेली जागा म्हणजे डॉक्युमेंट्समधील ‘व्हीएसटी३ प्रीसेट्स’ हे फोल्डर. त्यात कंपनीच्या आणि प्लगइनच्या नावाची उपफोल्डरे असतात. मॅकवर वापरकर्त्याच्या लायब्ररीतील ‘ऑडिओ’ आणि त्यातील ‘प्रीसेट्स’ येथे पाहावे. ही लायब्ररी सहसा लपवलेली असते. फाइंडरमध्ये ‘ऑप्शन’ की दाबून ‘गो’ मेनू उघडल्यास ती दिसते. रीपर मात्र आपल्या मेनूतून जतन केलेले प्रीसेट स्वतःच्या रिसोर्स फोल्डरमधील ‘प्रीसेट्स’मध्ये ठेवतो.

परवानगीचा अडसर

काही जुनी प्लगइने प्रीसेट ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू पाहतात. विंडोज तेथे साध्या वापरकर्त्याला लिहू देत नाही. ३२ बिटच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल कधी ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात वळवली जाते. सॉफ्टवेअर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यास अडचण तात्पुरती सुटते, पण मग बाहेरच्या फोल्डरमधून फाइल ओढून आत टाकता येत नाही. प्लगइनच्या सेटिंगमध्ये सोय असल्यास प्रीसेटचे फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये नेणे, हा अधिक टिकाऊ उपाय.

डॉक्युमेंट्समध्येही जतन होत नसेल, तर विंडोज सिक्युरिटीतील ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ तपासावे. खंडणीखोर व्हायरसपासून रक्षण करणारी ही सोय चालू असल्यास अनोळखी सॉफ्टवेअरला तेथे लिहिता येत नाही. ती बंद न करता आपले संगीत सॉफ्टवेअर परवानगीच्या यादीत घालावे. वनड्राइव्ह चालू असल्यास डॉक्युमेंट्स फोल्डरची जागाच बदललेली असू शकते. अशा वेळी जुना प्रीसेट एका डॉक्युमेंट्समध्ये आणि नवा दुसऱ्यात, अशी फाटाफूट होते.

किरकोळ पण फसवी कारणे

विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह वा तारांकन चालत नाही. काही जुन्या प्लगइनांना देवनागरी नावेही पेलत नाहीत. म्हणून एकदा साधे, छोटे रोमन नाव देऊन पाहावे. डिस्क भरलेली नाही ना, हेही पाहावे. अनेक प्लगइनांच्या चाचणी आवृत्तीत जतन करण्याची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. सॅम्पलर प्लगइनचा प्रीसेट उघडतो पण आवाज येत नाही, तेव्हा दोष बहुधा प्रीसेटचा नसतो. त्यात अनेकदा ध्वनिफाइलचा केवळ पत्ता असतो आणि ती फाइल हलवली की तो पत्ता चुकतो.

तपासणीचा क्रम

बिघाड लक्षात येताच सर्वप्रथम प्रोजेक्ट वेगळ्या नावाने जतन करावा, म्हणजे प्लगइनची जुळणी त्यात सुरक्षित राहते. मग ‘चाचणी’ अशा साध्या नावाचा प्रीसेट जतन करून संगणकावर आज बदललेल्या फाइली शोधाव्यात. फाइल सापडली तर प्रश्न जागेचा. न सापडल्यास परवानगीचा संशय आधी घ्यावा. मूळ सॉफ्टवेअरच्या मेनूतूनही एकदा जतन करून पाहावे. तेथे जमले तर दोष प्लगइनच्या मेनूपुरताच आहे. पुन्हा इन्स्टॉल करणे हा शेवटचा उपाय, आणि तोही प्रीसेटच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्यानंतरच. या फाइली सहसा अगदी लहान असतात. प्रत काढायला क्षणभर पुरतो. हरवलेली जुळणी पुन्हा कानाने शोधायला मात्र अख्खी रात्र जाते.