शेवटचे घर नसलेला पट

मागच्या रमजानमध्ये सहरीसाठी उठलो, तर पुतण्या आधीच जागा होता. चादरीखाली मोबाईलचा उजेड दिसत होता. "चाचा, एवढा एकच गेम," तो म्हणाला. अम्मी चिडली, "हराम आहे ते सगळं, फेकून द्या!" मी दोघांनाही काही बोललो नाही, पण दिवसभर विचार करत राहिलो. खेळात नेमके वाईट काय असते?

जुन्या नाशकातल्या आमच्या घरात दादी फासा येऊ देत नसे. नर्द, म्हणजे फाशांचा खेळ, हदीसमध्ये मना केला आहे, असे ती सांगायची. सापशिडीचा हट्ट मात्र तिला मोडवेना. मग आम्ही फोडलेल्या चिंचोक्यांवर दान टाकायचो. पांढरे किती पडले तेवढी घरे पुढे. नशिबाचाच खेळ तो, पण दादीचे समाधान व्हायचे.

या सापशिडीचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. तो संत ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरा महाराष्ट्रात सांगितली जाते. त्यांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तीनाथ यांची समाधी आपल्या नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरलाच आहे. लेखी पुरावा मात्र नाही, आणि आज उपलब्ध असलेले पट ज्ञानेश्वरांच्या नंतर काही शतकांनी काढलेले आहेत. वैष्णव पटांवर बहुधा 72 घरे, जैन पटांवर 84. प्रत्येक घराला नाव असते. शिडीच्या पायथ्याशी दया, दान, भक्ती असे सद्गुण आणि सापाच्या तोंडी काम, क्रोध, अहंकार. अनेक जुन्या पटांवर शिड्या कमी आणि साप जास्त आढळतात. वर चढणे अवघड आणि घसरणे सोपे, हे खेळणाऱ्याच्या अंगात मुरावे अशीच ही रचना.

असाच पट सूफींकडेही होता, हे आपल्या फार थोड्या लोकांना माहीत असते. अरबी-फारसी नावांची 100 घरे आणि ध्येय अल्लाहची जवळीक. 'शतरंज अल-आरिफीन' नावाचा असा एक पट इब्न अरबींच्या नावावर सांगितला जातो. नाथ-वारकरी, जैन आणि सूफी, तिघांनाही नफ्सची चढउतार दाखवायला एकच खेळ सोयीचा वाटला!

1890च्या दशकात हा खेळ इंग्लंडमध्ये विकायला आला. तिथे काटकसरीच्या शिडीवरून समाधानाकडे आणि उद्योगाच्या शिडीवरून यशाकडे जाता येई. पुढे नावेही गळाली, आकडे तेवढे राहिले.

खेळाची रचना माणसाला काही शिकवते, हा विचार आपल्याकडे जुना आहे. दहाव्या शतकातला बगदादचा इतिहासकार मसूदी एका विचारवंताचे मत नोंदवतो. बुद्धिबळ रचणारा मानवी इच्छास्वातंत्र्य मानणारा असला पाहिजे आणि नर्द रचणारा तकदीर मानणारा, असे ते मत. फकीहसुद्धा वस्तूपेक्षा परिणाम पाहत होते. इमाम शाफईंनी बुद्धिबळ पसंत केले नाही, पण नर्दइतके कडकही धरले नाही. त्यांच्या मजहबमध्ये पुढे विचारले गेले ते हेच, की पैज आहे का आणि नमाज चुकते का. कुरआनच्या सूरह मायदामध्ये (आयत 90-91) जुगाराच्या मनाईसोबत कारणही दिले आहे. जुगार माणसांत वैर पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून अडवतो. म्हणजे बोट मनावर होणाऱ्या परिणामावरच ठेवले आहे.

आता पुतण्याचा मोबाईल पाहा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. दर ठरावीक टोचांनंतर दाणा मिळाला, तर कबुतर दाणा खाऊन थोडे थांबते. दाणा कधी मिळेल हे अनिश्चित ठेवले, तर ते टोचतच राहते. अनेक मोबाईल गेममधली बक्षिसाची पेटी याच हिशेबाने उघडते. चिंचोक्याला आम्ही कोण हे ठाऊक नव्हते. हा फासा मात्र खेळणाऱ्याकडे पाहत असतो. तो कधी कंटाळतो, कधी पैसे मोजतो, याची नोंद ठेवतो. 2022पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आला. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण पुतण्याचा गेम फुकटचा आहे. त्यात पैसा जात नाही, झोप जाते. ती कोणत्या कायद्याने परत आणणार?

इफ्तारनंतर मी त्याला विचारले, "तुझ्या खेळात शेवटचं घर कितवं?"

तो जरा थांबला. "शेवट नसतोच चाचा. दर महिन्याला नवीन येतं."

मोक्षपटाला शेवटचे घर होते, सूफींच्या पटालाही होते. तिथे पोहोचले की खेळ संपायचा आणि माणूस उठून आपल्या कामाला लागायचा. ज्या पटाला शेवटचे घरच नाही, त्यावरून उठायचे कसे हे त्या पोराला कोणी शिकवलेले नाही. नुसते 'हराम' म्हणून ते शिकवता येणार नाही.

ईदच्या सुट्टीत आम्ही दोघांनी पुठ्ठ्यावर एक पट आखला. सापांची नावे त्यानेच ठेवली. सगळ्यात लांब सापाच्या तोंडी त्याने लिहिले, 'एवढा एकच'.