पोहण्याच्या स्पर्धेचा अर्ज

शाळेत सिनियर ताईच्या शब्दाला किती वजन असायचं, आठवतंय ना? आजची गोष्ट त्याचीच. ठिकाण कुमिल्ला. आज ते बांगलादेशात आहे, १९३१ साली ब्रिटिश बंगालमध्ये होतं.

तिथल्या फैजुन्नेसा मुलींच्या शाळेत शांती घोष आणि सुनीती चौधरी शिकत होत्या. त्यांची सिनियर प्रफुल्लनलिनी ब्रह्म. तिनेच दोघींना क्रांतीच्या वाटेवर आणलं. छात्री संघ उभा राहिला : प्रफुल्ल अध्यक्ष, शांती सचिव, सुनीती कॅप्टन. लाठी शिकल्या, मग गुपचूप पिस्तूलही.

१४ डिसेंबरला शांती-सुनीती मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या. हातात पोहण्याच्या स्पर्धेचा अर्ज, शालीखाली पिस्तुलं. शाळकरी मुलींवर संशय कोण घेणार? स्टीव्हन्स मारला गेला.

शांती १५ वर्षांची, सुनीती १४. वय लहान म्हणून फाशी टळली, जन्मठेप झाली. १९३९मध्ये दोघी सुटल्या. पुढे सुनीती डॉक्टर झाली, शांती आमदार.

आणि प्रफुल्ल? तिने गोळी झाडली नव्हती, तरी सरकारने तिला अडकवलंच. नजरकैदेत आजारी पडून १९३७मध्ये ती गेली. मैत्रिणींची सुटका तिला बघायला मिळालीच नाही.

ही गोष्ट सांगताना लोक दोनच नावं घेतात. आपण तीन घेऊया. भेटू पुढच्या भागात!