तुरा उतरवलेला कोंबडा

कोंबड्याचा डौल तुऱ्यात असतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. मात्र हा तुरा मुळात उष्ण प्रदेशाचा दागिना आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तशी वेळच आपल्यावर येत नाही. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत राहणारा तांबडा रानकोंबडा. पक्ष्यांना घाम येत नाही. तुऱ्यात आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते व त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. हीच सोय बर्फाच्या मुलखात गेली की शिक्षा ठरते.

कॅनडातील क्वेबेकमध्ये हिवाळ्यात पारा उणे २५-३० अंशांपर्यंत उतरतो. अशा रात्री तुऱ्याच्या टोकांतले रक्त आकसते, टोके आधी फिकट आणि पुढे काळी पडतात, वाळतात व काही दिवसांनी गळून जातात. कोंबडीपेक्षा कोंबड्याचा तुरा मोठा, म्हणून दुखापतही त्याचीच मोठी. ती नुसत्या रूपाची नसते. हिमदंश झालेल्या नराची प्रजननशक्ती काही काळ मंदावते आणि अंडी उबवूनही पिले निघेनाशी होतात. थंडी अडवावी म्हणून खुराडे घट्ट बंद केले, तर श्वासाचा आणि विष्ठेचा ओलावा आत कोंडतो व दुखणे उलट वाढते. माणसाची माया कधी कधी अशी उफराटी लागू पडते. काही पाळणारे मग तुरा आधीच कापून टाकीत.

मॉन्ट्रियलजवळच्या ओका येथील ट्रॅपिस्ट मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी दुसरा मार्ग धरला. कापावा लागणारच नाही, असाच तुरा का नसावा? १९०७-०८च्या सुमारास त्यांनी संकराला आरंभ केला. कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट आणि प्लिमथ रॉक या पाच जातींचे रक्त त्यात आले. १९१८ साली पांढरी, दाट पिसांची नवी जात लोकांपुढे आली. तिचा तुरा डोक्याला चिकटलेल्या लहानशा उशीसारखा होता. गळ्याच्या पाळ्या जवळजवळ नाहीतच. १९२१मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली. कॅनडाची म्हणावी अशी ही पहिलीच कोंबडी.

तिचे नाव शांतक्लेर, म्हणजे स्वच्छ गळ्याने गाणारा. रेनार कोल्ह्याच्या मध्ययुगीन कथांतल्या कोंबड्याचेही हेच नाव, आणि १९१०च्या एदमाँ रोस्ताँच्या नाटकातल्या नायकाचेही. आपल्या आरवण्यानेच सूर्य उगवतो, असे त्या नायकाला वाटत असते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे त्याला कोणी मराठी माणूस भेटता तर सांगता! नायकाचे नाव घेऊन त्याचा मुकुट तेवढा उतरवावा, यात आम्हाला त्या मठवासी माणसाचा धीर दिसतो. कारण प्रदर्शनांत कोंबडा जोखला जातो त्यात तुराही असतो.

गंमत अशी की आनुवंशिकीच्या इतिहासातही या तुऱ्याने मोठे काम केले आहे. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी १९०२ साली दाखवले ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून. पुढे त्यांनी व पनेट यांनी दाखवले की गुलाब तुरा आणि वाटाणा तुरा यांचा संकर केला, तर दोहोंहून निराळा अक्रोड तुरा निघतो. कॉर्निशकडे वाटाणा तुरा होता, वायनडॉटकडे गुलाब. मठातली उशी या कुळापासून फार दूरची नव्हे.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्याने गुलाब तुरा येतो, असे २०१२च्या संशोधनात आढळले. आणि आईबाप दोघांकडूनही तो वारसा आलेल्या नरांच्या शुक्रजंतूंची गती मंद असते. मोठा तुरा ठेवावा तर थंडी वंश अडवते, बसका तुरा घ्यावा तर कधी रक्तच तो अडवते. आखूड तुऱ्याच्या वायनडॉटमध्ये उभ्या तुऱ्याची पिले अधूनमधून का निघत राहतात, याचे उत्तर इथे आहे.

शांतक्लेरवर संकट आले ते मात्र थंडीचे नव्हे. बंदिस्त, तापवलेल्या मोठ्या शेडमध्ये अंड्यांचा व मांसाचा धंदा गेला, तेव्हा हिवाळा सोसणाऱ्या कोंबडीची गरजच उरली नाही. सस्काचवान विद्यापीठातला एक नर १९७९ साली मेला, तेव्हा जात संपली असे धरले गेले. प्रत्यक्षात लहान शेतकऱ्यांच्या अंगणांत ती दाणे टिपत होती. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. १९९९मध्ये क्वेबेकने कायद्याने तिला आपल्या वारशात स्थान दिले. २००९मध्ये मठवासी ओका सोडून सेंट-जाँ-द-माथा येथे राहायला गेले.