गृहरक्षक दल (होमगार्ड)

पोलीस व नागरी संरक्षण यंत्रणेला साहाय्य करणारी गणवेशधारी स्वयंसेवी संघटना. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनने मे १९४० मध्ये स्थानिक स्वयंसेवकांचे दल उभारले. पुढे त्याला होमगार्ड हे नाव मिळाले. भारतातील पहिले दल मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ रोजी जातीय दंगलींच्या काळात स्थापन झाले. त्यात मोरारजी देसाई यांचा पुढाकार होता. १९४७ च्या मुंबई होमगार्ड अधिनियमाने त्याला कायद्याचा आधार दिला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राच्या सूचनेनुसार राज्याराज्यांतील स्वयंसेवी संघटना या एकाच दलात विलीन करण्यात आल्या. सीमावर्ती राज्यांत सीमा सुरक्षा दलाच्या मदतीसाठी स्वतंत्र तुकड्याही उभारल्या गेल्या.

युद्धकाळात हवाई हल्ल्याची सूचना, दिवेबंदी, अग्निशमन, जखमींची वाहतूक आणि अत्यावश्यक सेवा चालू ठेवणे ही जवानांची कामे असतात. शांततेच्या काळात ते सण, निवडणुका व पूर अशा वेळी बंदोबस्त आणि बचावकार्य करतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर या दलाच्या जवानानेही प्राण दिले. ‘निष्काम सेवा’ हे दलाचे ब्रीद असून ६ डिसेंबर हा स्थापना दिन म्हणून देशभर पाळला जातो.