मँगनीज डाय-ऑक्साइड कॅथोड

मँगनीज डाय-ऑक्साइड कॅथोड : जस्त आणि क्षारांचे जलीय द्रावण वापरणाऱ्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीतील धन टोकाचे द्रव्य. जॉर्ज लेक्लांशे यांच्या १८६६ च्या घटापासून ते वापरात आहे. पण टॉर्चचा साधा सेल उतरला की टाकून द्यावा लागतो. तेच द्रव्य हजारो वेळा चार्ज करता यावे, यासाठी सध्याचे संशोधन चालते.

या संयुगात मँगनीजच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात. या सहा अणूंनी बनणारे अष्टफलक एकमेकांना जोडले जाताना मध्ये बोगदे राहतात : बीटा रूपात अरुंद, अल्फा रूपात रुंद. डेल्टा रूपात थर असतात आणि थरांमध्ये पाणी. एका इलेक्ट्रॉनच्या हिशेबाने सैद्धांतिक क्षमता ग्रॅमला ३०८ मिलिअँपिअर-तास भरते.

चीनमधील त्सिंगह्वा विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये मांडले, की जस्ताचे आयन या बोगद्यांत ये-जा करतात. २०१६ मध्ये अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने वेगळे चित्र दाखवले : आत शिरतो तो मुख्यतः पाण्यातला प्रोटॉन. मागे उरलेले हायड्रॉक्साइड झिंक सल्फेटशी संयोग पावते आणि कॅथोडवर क्षाराचे पापुद्रे साचतात. चार्ज करताना ते पुन्हा विरघळतात. प्रोटॉनचा वाटा किती आणि जस्ताचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

खरी अडचण कॅथोडच विरघळण्याची. बॅटरी उतरताना तयार होणारे त्रिसंयुजी मँगनीज अस्थिर असते. त्यातून द्विसंयुजी मँगनीज सुटून पाण्यात उतरते. २०१६ च्या गटाने द्रावणात आधीच थोडे मँगनीज सल्फेट घातले आणि ५,००० आवर्तनांनंतरही ९२ टक्के क्षमता टिकवली. मात्र हा आकडा जलद चार्जिंगचा आहे. संथ वापरात झीज अधिक होते, तेव्हा नुसत्या आवर्तनसंख्येवरून कॅथोडची पारख करू नये.

व्हॅनेडियम ऑक्साइडांची क्षमता चांगली, पण जस्तासमोर त्यांचा दाब सुमारे ०.८ व्होल्टच. प्रशियन ब्लू वर्गातील कॉपर हेक्सासायनोफेरेट ग्रॅमला जेमतेम ६० मिलिअँपिअर-तास देते. मँगनीज सुमारे १.३५ व्होल्ट देते, स्वस्त आहे आणि फारसे विषारी नाही. त्यामुळे घराघरांतील सौरवीज साठवण्यासाठी त्याचाच दावा सर्वांत भक्कम ठरतो.

बॅटरीला लागणारे डाय-ऑक्साइड प्रतीचे धातुक भंडारा जिल्ह्यातील मॉइल या सरकारी खाणकंपनीच्या डोंगरी बुजुर्ग खाणीत निघते. विद्युत्-विच्छेदनाने शुद्ध मँगनीज डाय-ऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही तेथेच आहे.