पदार्थांनी राखलेले सण

बेने इस्राएल समाजाच्या जुन्या इतिहासाचे लिखित पुरावे फार थोडे आहेत. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि पोथ्या समुद्रात गेल्या, ही परंपरा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली. पुढे कोकणातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवणारे आपले पूर्वज शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले. हिब्रू प्रार्थना विसरल्या गेल्या. शेमा, शब्बाथ आणि सुंता एवढे मात्र राहिले, आणि त्यांच्याबरोबर राहिले स्वयंपाकघर.

डेविड रहाबी यांची गोष्ट हेच सांगते. त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले. त्यावरून हे लोक यहुदी आहेत हे त्यांनी ओळखले, असे परंपरा मानते. ग्रंथ हाती नसताना नियम हातांना ठाऊक होता.

आपल्या सणांची जुनी मराठी नावे पाहा. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात ती नोंदली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. यांतली कित्येक नावे थेट ताटातून आली आहेत. तिशा बआव हे नाव ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनाही बिरड्याचा सण ठाऊक होता. आदल्या रात्री भिजवलेले वाल फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि साले काढायला घरातली सगळी मुले बसायची. बोटे सुरकुतत, पण उठायची परवानगी नसे. त्या दिवशी घरात मटण का नाही, हे आम्ही सोलता सोलता आजीकडून ऐकले. धर्माचा तो आमचा पहिला वर्ग.

रोश हशानाचा चिकाचा हलवा तर आपली खूणच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून फडक्यातून गाळायचे. तळाशी बसतो तो चीक. त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत राहायचे, गोळा भांड्याच्या कडा सोडेपर्यंत. हात दुखला की आई मावशीला बोलवी, मावशी काकूला. ताटात थापून वर बदाम-पिस्ते, मग वड्या. गाईचे दूध नसल्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही तो चालतो. कोकणात नारळ मुबलक होता आणि कश्रुत पाळायची होती. या दोहोंच्या मेळातून आपली पाककृती घडली.

लोद, रामले, दिमोना, बीरशेबा येथे आल्यावर आपण हलवा सोडला नाही, पण त्याची रीत बदलली. चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास आले, नारळाचे दूध डब्यातून आले. त्यात वावगे काही नाही. मात्र कॉर्नफ्लोअरच्या हलव्याला 'चिकाचा' का म्हणतात, हे नातवंडांना सांगणारे आता मोजकेच उरले आहेत. आमच्या आयांनी प्रमाण कधी सांगितलेच नाही. "अंदाजाने घाल," एवढेच त्या म्हणत. तो अंदाज त्यांच्याबरोबर जातो आहे.

म्हणून वाचकहो, एक विनंती. येत्या सणाला गहू भिजवाल तेव्हा नातवंडाला शेजारी बसवा. गहू किती, नारळ किती, साखर किती, हे तुमच्या हातून भांड्यात पडण्याआधी त्याच्याकडून तराजूवर तोलून घ्या. तुम्ही मराठीत सांगा, त्याला हिब्रूत लिहू द्या. कागदाच्या वर गावाचे नाव घाला, कारण पेणच्या घरातला हलवा आणि रेवदंड्याच्या घरातला हलवा एकसारखा असेलच असे नाही. आपल्या पूर्वजांच्या पोथ्या बुडाल्या. ही वही तरी कोरडी राहू द्या.