कोकणचे सरखेल

हर्णैच्या बंदरासमोर भर समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग हा आंग्रे घराण्याच्या उत्कर्षाचे मूळस्थान होय. तुकोजी आंग्रे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. त्यांचे पुत्र कान्होजी याच किल्ल्यावर नावारूपास आले, आणि मोगलांच्या रेट्यापुढे देशावरचे गड एकामागून एक पडत असता कोकणची किनारपट्टी त्यांनी राखली. पुढे शाहू व ताराबाई यांच्या कलहात बाळाजी विश्वनाथांनी १७१३ साली त्यांना शाहूंच्या पक्षात वळविले, तेव्हा सरखेलीच्या, म्हणजे आरमारप्रमुखाच्या, पदासह दहा किल्ले, सोळा लहान ठाणी व त्यांखालचा मुलूख त्यांच्याकडे कायम झाला. आंग्र्यांचे दस्तक घेतल्यावाचून व्यापारी जहाजाला या दर्यात निर्वेध फिरता येईना. इंग्रज व पोर्तुगीज १७२१ साली एकजुटीने कुलाब्यावर चालून आले, ते अपयश घेऊन परतले.

इंग्लंडच्या राजांनी वेल्सच्या सरहद्दीवर नॉर्मन सरदारांना असेच मोठे अधिकार दिले होते, कारण सीमा राखणाऱ्याला मुखत्यारी दिल्यावाचून सीमा राहत नाही. त्यांतील क्लेअर घराण्याचा अखेरचा पुरुष गिल्बर्ट १३१४ साली बॅनकबर्नच्या रणात पडला आणि त्याची अफाट जहागीर तीन बहिणींत वाटली गेली. आंग्र्यांच्या घरी वारसांची वाण नव्हती, तरी वाटणी टळली नाही. कान्होजी १७२९ साली निवर्तले, चार वर्षांनी थोरले सेखोजीही गेले, आणि संभाजी व मानाजी या बंधूंच्या तंट्यात बाजीरावांनी १७३५ साली निवाडा केला तो असा, की सरखेली व सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडील भाग संभाजींना आणि कुलाबा मानाजींना. एका आरमाराची दोन आरमारे झाली. पुण्याच्या दरबाराला हे सोयीचे वाटले असावे, दर्याला ते मानवणारे नव्हते.

संभाजींमागून आलेले तुळाजी शूर होते. सिद्दीकडून अंजनवेल घेऊन त्यांनी त्या किल्ल्यास गोपाळगड हे नाव दिले. परंतु पेशव्यांची हुकमत त्यांनी जुमानली नाही, आणि त्यांस नमविण्यासाठी नानासाहेबांनी इंग्रजांशी करार केला. कमोडोर जेम्सने एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेतला. पुढील फेब्रुवारीत वॉटसन व क्लाईव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरातील आंग्र्यांचा सारा काफिला जळून खाक झाला. तुळाजींचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

तुळाजी उद्दाम होते, हे मान्य करूनही मला वाटते की घरचा तंटा मिटविण्यासाठी परक्याचे आरमार आणणे हा अक्षम्य प्रमाद होता. पुढे पेशव्यांच्या आरमाराचे सरदार धुळप यांनी विजयदुर्गावरून पराक्रम गाजविला खरा, तथापि कान्होजींच्या काळचा दरारा परत आला नाही. विजयदुर्ग तरी तहाने पेशव्यांकडे परतला; त्याच्या मोबदल्यात बाणकोट इंग्रजांनी ठेवून घेतला आणि त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया केले.